कॅप्टानची रिकव्हरी कधी ३५, कधी १२५: गळती शोधायची उलट्या वाटेने

स्ट्रॉबेरीच्या ब्लँक नमुन्यात, म्हणजे बुरशीनाशक नसलेल्या फळात, चाळीसेक बुरशीनाशकांचं मिश्रण किलोला ०.०५ मिलिग्रॅम या पातळीने घातलं, क्वेचर्सने (ॲसिटोनायट्राइल आणि मिठांनी अर्क काढायची पद्धत) अर्क काढला आणि जीसी-एमएस/एमएसवर (अर्काची वाफ करून पदार्थ वेगळे करणारं आणि मोजणारं यंत्र) चालवला. घातलेल्यातलं जेवढे टक्के परत सापडतं ती रिकव्हरी. टेब्युकोनॅझोल, बोस्कॅलिड, ॲझॉक्सिस्ट्रोबिन, सायप्रोडिनिल सगळे ९० ते १०५ टक्क्यांत शहाण्यासारखे बसलेले. कॅप्टान मात्र ३५. दुसऱ्या दिवशी तीच पद्धत, तोच माणूस, तेच पिपेट, आणि आकडा ८८. तिसऱ्या दिवशी १२५. फोल्पेट त्याच्या मागोमाग, आणि क्लोरोथॅलोनिल स्वतःच्या मर्जीने.

हे दुखणं जुनं आहे आणि जवळजवळ प्रत्येक अवशेष प्रयोगशाळेत कधी ना कधी निघतं. त्यावरचा सगळ्यात लोकप्रिय उपाय म्हणजे जीसीचा लायनर, म्हणजे नमुना आत शिरतो त्या तापलेल्या इनलेटमधली काचनळी, बदलणं. मीही तेच केलं. लायनर बदलला, सेप्टम बदलला, कॉलमचं पुढचं टोक कापलं, दोन दिवस आकडे सुधारले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तीन आठवडे असे घालवल्यावर लक्षात आलं की गळती एका जागी नव्हतीच. चार जागी थोडी थोडी होती, आणि त्यातली एक तर गळतीसारखी दिसतच नव्हती. ती आकडा वर ढकलत होती.

आकडा रोज ३५ आला असता तर गोष्ट सोपी होती. सातत्याने कमी येणारी रिकव्हरी म्हणजे बहुधा चुकीचं स्टॅण्डर्ड (पदार्थाचं ठरावीक प्रमाणाचं द्रावण), चुकीचं विरलीकरण किंवा अर्कात न उतरणारा पदार्थ. हेलकावे मात्र सांगतात की पदार्थ वेळेवर अवलंबून आहे: कुठेतरी तो थांबतो, आणि जितका थांबतो तितका मरतो. रोज तो थोडा कमी-जास्त थांबतो, म्हणून आकडा रोज वेगळा.

मरतो म्हणजे काय, ते आधी पाहू. कॅप्टान आणि फोल्पेट दोन्हींत नायट्रोजनला गंधकामार्फत ट्रायक्लोरोमिथाइल गट टांगलेला असतो. तो नायट्रोजन-गंधक बंध नाजूक आहे. पाणी आणि अल्कली मिळाली की तुटतो. पीएच ७ च्या पाण्यात कॅप्टानचं अर्धायुष्य काही तासांचं, पीएच ९ ला काही मिनिटांचं. आम्लात त्यातल्या त्यात टिकतं. तुटल्यावर कॅप्टानपासून टेट्राहायड्रोथॅलिमाइड उरतं, बोलीत टीएचपीआय, आणि फोल्पेटपासून थॅलिमाइड. उष्णतेनेही हाच बंध तुटतो आणि हेच पदार्थ तयार होतात. खरी पंचाईत इथे आहे. क्रोमॅटोग्रामवर दिसणारं टीएचपीआय बागेतून आलेलं असू शकतं, ग्राइंडरमध्ये झालेलं असू शकतं, क्लीन-अपच्या (अर्कातला मळ काढण्याच्या) नळीत किंवा तापलेल्या इनलेटमध्येही. शिखर एकच, बाप चार. म्हणूनच युरोपीय नियमांत कॅप्टानची अवशेष-व्याख्या कॅप्टान आणि टीएचपीआय यांची बेरीज, कॅप्टानच्या रूपात, अशी आहे; फोल्पेटचीही तशीच, थॅलिमाइड धरून. रेणुभाराच्या हिशेबाने टीएचपीआयच्या आकड्याला १.९९ ने गुणायचं (३००.६ भागिले १५१.२), थॅलिमाइडच्या आकड्याला २.०२ ने. बेरीज केली की बरंचसं नुकसान झाकलं जातं हे खरं. पण पद्धत वैध ठरवताना दोन्ही पदार्थांच्या रिकव्हरी वेगवेगळ्या पाहाव्या लागतात, आणि झाकलेली गळती कधीतरी दुसरीकडून वर येतेच.

आता उलटी वाट. आपण नमुना दळण्यापासून इंजेक्शनपर्यंत जातो. दोष शोधताना इंजेक्शनपासून दळण्याकडे यायचं. एकाच दिवशी, एकाच ब्लँक फळावर, पाच प्रकारच्या व्हायल (यंत्रात ठेवायच्या छोट्या बाटल्या) तयार करा. ‘क’ मध्ये फक्त द्रावकात स्टॅण्डर्ड, १०० टक्के रिकव्हरीला जेवढं असायला हवं तेवढं. ‘ख’ मध्ये ब्लँक फळाचा पूर्ण तयार अर्क, त्यात इंजेक्शनच्या अगदी आधी तेवढंच स्टॅण्डर्ड. ‘ग’ मध्ये स्टॅण्डर्ड क्लीन-अपच्या आधी, कच्च्या अर्कात. ‘घ’ मध्ये नेहमीसारखं, दळलेल्या फळात. आणि ‘च’ मध्ये दळण्याच्याही आधी, फळाच्या फोडींवर. प्रत्येकी तीन नळ्या. क्रम लावताना सगळ्या ‘क’ आधी आणि सगळ्या ‘च’ शेवटी असं करू नका. मिसळून लावा आणि ‘क’ सुरुवातीला, मधे, शेवटी ठेवा. नाहीतर यंत्राचा स्वतःचा उतार तुम्ही नमुन्याच्या माथी माराल. मग शेजारच्या दोन अक्षरांची तुलना करायची: ज्या दोघांत दरी, तिथे गळती.

एवढं करायला एक दिवस जातो. मी ते तीन आठवड्यांनी केलं, हे वर सांगितलंच.

‘क’ आणि ‘ख’ मधली दरी

इथे बहुतेकदा उलटंच दिसतं: फळाच्या अर्कातलं कॅप्टान द्रावकातल्या कॅप्टानपेक्षा जास्त येतं. कारण इनलेटच्या काचेवरच्या सक्रिय जागा. शुद्ध द्रावक आत गेला की त्या जागा सरळ कॅप्टानला पकडतात किंवा तोडतात; फळाचा अर्क गेला की त्यातली साखर, आम्लं, मेणं त्या जागा अडवून बसतात आणि कॅप्टान सुखरूप कॉलममध्ये जातं. म्हणून द्रावकातल्या स्टॅण्डर्डवर कॅलिब्रेशन आणि फळाच्या अर्काचं मोजमाप, ही जोडी जीसीवर कॅप्टानसाठी चालतच नाही. कॅलिब्रेशन मॅट्रिक्समध्येच, म्हणजे फळाच्या अर्कातच, हवं, किंवा दोन्हीकडे सारखे रक्षक पदार्थ घालावेत. ग्युलोनोलॅक्टोन आणि सॉर्बिटॉल यांसाठी सर्रास वापरतात. ते काचेवरच्या जागा स्वतः अडवतात.

इनलेट किती तोडतंय हे पाहण्याची सरळ युक्ती: ताजं, फक्त कॅप्टानचं द्रावण टोचा आणि टीएचपीआयचं शिखर पाहा. ते असायलाच नको. असेल तर एकतर स्टॅण्डर्ड आधीच खराब आहे किंवा इनलेट तोडतंय. दोघांत निवाडा करायचा तर तेच द्रावण एलसीवर (द्रव क्रोमॅटोग्राफीवर) चालवून टीएचपीआय बघा. एलसीत तापलेलं इनलेट नाही. एलसीवर टीएचपीआय नगण्य आणि जीसीवर भरपूर, तर दोष इनलेटचा. दोन्हीकडे भरपूर, तर बाटलीचा. (कॅप्टान स्वतः इलेक्ट्रोस्प्रेमध्ये नीट आयनित होत नाही, म्हणून ते जीसीवर मोजायचं आणि टीएचपीआयचा ताळा एलसीवर घ्यायचा, अशी वाटणी आम्ही ठेवली आहे.) जीसीवर एक लक्षात असू द्या: ७९ हा आयन कॅप्टान आणि टीएचपीआय दोघांचाही आहे. वेळ वेगळी असते म्हणून गोंधळ सहसा होत नाही, पण मोजणी १४९ वरच्या संक्रमणावर ठेवलेली बरी.

इनलेट दोषी ठरलं तर लायनर बदलाच, तेव्हा तो खरा उपाय असतो. निष्क्रिय केलेला लायनर घ्या, काचलोकर नसेल तर उत्तम, आणि तापमान-नियंत्रित इनलेट असेल तर थंड अवस्थेत टोचून मग तापवा. द्राक्षासारख्या साखरेच्या फळाचे चाळीस-पन्नास अर्क सलग गेले की नवा लायनरही हात टेकतो. त्यामुळे क्रमाच्या शेवटीही एक कॅलिब्रेशन बिंदू ठेवणं ही चैन नव्हे.

‘ख’ आणि ‘ग’ मधली दरी

आमची सगळ्यात मोठी गळती इथे होती, आणि इथे मी सगळ्यात शेवटी बघितलं.

क्लीन-अपला आपण पीएसए वापरतो, म्हणजे प्रायमरी-सेकंडरी अमाइन. फळातली सेंद्रिय आम्लं, काही साखर आणि रंग तो छान धरतो. पण नावातच अमाइन आहे. आम्लं धरून झाली की अर्क आम्लीय राहत नाही. पीएच ८ च्या वर जातो. कॅप्टानला पीएच ८ च्या वर ठेवणं म्हणजे बर्फ उन्हात ठेवणं. ॲसिटोनायट्राइलमध्ये पाणी थोडंच असतं म्हणून पाण्यातल्याइतकं झपाट्याने मरत नाही, पण ऑटोसॅम्पलरवर (व्हायल आपोआप टोचणाऱ्या ट्रेवर) रात्रभर बसलं तर सकाळी उरलेलं मोजायला काही फार राहत नाही.

मी पाहिलं ते असं. पीएच पट्टीचा तुकडा शुद्ध पाण्याने ओला केला, त्यावर क्लीन-अप आधीच्या अर्काचा एक थेंब सोडला: पिवळट नारिंगी, ५ च्या आसपास. शेजारी दुसऱ्या तुकड्यावर पीएसएनंतरचा थेंब: हिरवट निळा. सेंद्रिय द्रावकात पट्टीचा आकडा काटेकोर नसतो, पण नारिंगी आणि निळ्यात चष्मा न लावताही फरक कळतो. मग तीच नळी दोन व्हायलमध्ये वाटली. एकीत आम्ल घातलं, एकीत नाही. दोन्ही एकाच ट्रेवर ठेवून दर सहा तासांनी टोचल्या. आम्ल घातलेली चोवीस तासांनीही जागची हलली नाही. दुसरीचं शिखर प्रत्येक खेपेला बुटकं होत गेलं आणि शेजारचं टीएचपीआय त्याच प्रमाणात उंच.

उपाय युरोपीय मानक ईएन १५६६२ मध्ये लिहिलेलाच आहे, आपण तो ‘ऐच्छिक’ समजून गाळतो: क्लीन-अप झाल्यावर वरचा द्रव लगेच वेगळा काढायचा आणि दर मिलिलिटर अर्काला ५ टक्के फॉर्मिक आम्लाचं ॲसिटोनायट्राइलमधलं द्रावण १० मायक्रोलिटर घालायचं. पीएच पुन्हा ५ च्या घरात येतो. ‘लगेच’ हा शब्द गंभीरपणे घ्या. मानकातलं प्रमाण दर मिलिलिटरला २५ मिलिग्रॅम पीएसए आणि १५० मिलिग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, हलवायचं अर्धा मिनिट. आमच्याकडे चोवीस नळ्या एकदम हलवल्या जायच्या, मग सेंट्रिफ्यूज, मग एकेक करून उपसा. पहिली नळी पीएसएवर पाच मिनिटं, शेवटची पंचवीस. म्हणजे एकाच दिवसाच्या तीन प्रतींतही आकडे वेगळे, आणि दोष पिपेटवाल्याच्या हाताला. आता आम्ही आठ-आठच्या तुकड्या करतो आणि व्हायलमध्ये आम्ल आधीच घालून ठेवतो. आम्लाने बिघडणारे पदार्थही असतात, सल्फोनाइलयुरिया तणनाशकं त्यातलीच. त्यांच्यासाठी बिनआम्लाची वेगळी व्हायल ठेवावी लागते.

पीएसए पूर्ण टाळायचाही पर्याय आहे: या तीन-चार पदार्थांसाठी कच्चा अर्कच आम्लीय ठेवून पातळ करायचा आणि टोचायचा. लायनर लवकर घाण होतो, पण आकडा खरा येतो. क्लोरोथॅलोनिलला मी हाच रस्ता धरतो, कारण त्याची दोन्हीकडून अडचण आहे. पीएसएवर ते टिकत नाही, आणि गडद बेरींचा रंग काढायला कोणी ग्राफाइटी कार्बन सढळ हाताने घातला की सपाट रेणू असल्याने कार्बनला चिकटून बसतं. थायाबेंडाझोलही कार्बनला असंच चिकटतं. अर्क पाण्यासारखा नितळ दिसला की आपल्याला समाधान वाटतं. त्या समाधानाची किंमत क्लोरोथॅलोनिल देतं.

१२५ टक्के कुठून आले?

कॅलिब्रेशनच्या व्हायल आम्ही ब्लँक फळाच्या पीएसए केलेल्या अर्कात बनवायचो, बिनआम्लाच्या, आणि त्या आदल्या दुपारीच तयार असायच्या. नमुने दुसऱ्या दिवशी ताजे. म्हणजे मोजपट्टीच रात्रभरात आखडलेली. आखडलेल्या पट्टीने मोजलं की कापड लांब भरणारच. ज्या दिवशी दोन्ही सारखेच शिळे, त्या दिवशी ८८ यायचे आणि सगळे खूश. १२५ ची गोष्ट गळतीसारखी दिसत नाही म्हणून तिकडे कोणी बघतही नाही. बहुतेक जण त्याला मॅट्रिक्सचा परिणाम म्हणून मोकळे होतात.

मूळ स्टॅण्डर्डचंही असंच. कॅप्टान, फोल्पेटचं साठ्याचं द्रावण मेथॅनॉलमध्ये करू नका. साध्या ॲसिटोनायट्राइलमध्येही ते बेभरवशाचं. टोल्युइन घ्या किंवा ॲसिटोनायट्राइलमध्ये ०.१ टक्के ॲसेटिक आम्ल घाला. शंभर पदार्थांच्या मोठ्या मिश्रणात यांना टाकू नका, त्यांची वेगळी छोटी बाटली असू द्या.

‘ग’ आणि ‘घ’ मधली दरी

ही सहसा लहान असते. मीठ घातल्यावर मॅग्नेशियम सल्फेट पाणी शोषतं आणि नळी हाताला जाणवेल इतकी गरम होते. ॲसिटोनायट्राइल फ्रीझरमधून काढून वापरा, मीठ घालताच ताबडतोब हलवा, नळी बर्फात ठेवा. ढेकळं झाली तर आतला भाग वाया.

पण याच टप्प्यावर पीएचचा दुसरा, बरोबर उलटा खेळ आहे. लिंबू किंवा करंटसारखं फार आंबट फळ असेल तर कार्बेंडाझिम, थायाबेंडाझोल, इमॅझालिल हे स्वभावाने अल्कधर्मी पदार्थ प्रोटॉन घेऊन पाण्यातच रमतात आणि ॲसिटोनायट्राइलमध्ये पुरते येत नाहीत. सायट्रेटचं बफर मिश्रण (१० ग्रॅम नमुन्याला ४ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, १ ग्रॅम मीठ, १ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट, अर्धा ग्रॅम डायसोडियम सायट्रेट) अर्क ५ ते ५.५ वर आणतं, पण ज्याचा मूळ पीएच ३ च्या खाली त्याला ते पुरत नाही. तिथे मानक ५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड ६०० मायक्रोलिटर घालायला सांगतं. ते थेंबाथेंबाने, हलवत घाला. एका जागी ओतलं तर तेवढ्या कोपऱ्यात पीएच उसळतो आणि तिथलं कॅप्टान गेलं. एकाला वाचवताना दुसरा मरतो, म्हणून अशा फळाला आम्ही दोन अर्क काढतो. काम दुप्पट होतं. नाइलाज आहे.

‘घ’ आणि ‘च’ मधली दरी

ही दरी रोजच्या गुणवत्ता-तपासणीत कधीच दिसत नाही, आणि म्हणून ती सगळ्यात धोकादायक. आपण स्पाइक, म्हणजे तपासणीसाठी मोजून टाकलेलं स्टॅण्डर्ड, कशात घालतो? आधीच दळून ठेवलेल्या फळात. मग दळताना जे नष्ट झालं ते स्पाइकला ठाऊकच नाही. रिकव्हरी ९५ टक्के, कागदोपत्री सगळं झकास, आणि खऱ्या नमुन्यातलं कॅप्टान ग्राइंडरच्या भांड्यातच खलास. फळ अख्खं असताना बुरशीनाशक सालीवर असतं, रस आत असतो. पातं फिरलं की दोघांची गाठ पडते, वर घर्षणाची ऊब.

उपाय थंडीचा. फोडी आधी गोठवायच्या, मग कोरड्या बर्फासोबत दळायच्या, भुकटी पिठासारखी व्हायला हवी. नंतर पिशवी सैल बंद करून फ्रीझरमध्ये, कार्बन डायऑक्साइड उडून जाईपर्यंत. झाकण घट्ट लावू नका; भांडं फुटू शकतं. वजन करतानाही भुकटी वितळू न देता नळीत घ्यायची आणि वर थंड ॲसिटोनायट्राइल लगेच ओतायचं.

खरंच फरक पडतो का, हे ‘च’ सांगतं. फोडींवर स्टॅण्डर्ड टाकताना सोबत एक टिकाऊ साक्षीदार टाका, टेब्युकोनॅझोल किंवा बोस्कॅलिड. फोडींवर द्रावण सारखं पसरत नाही, त्यामुळे नुसता कॅप्टानचा आकडा फसवा. कॅप्टान भागिले साक्षीदार, हे गुणोत्तर बघायचं. अर्ध्या फोडी साध्या तापमानाला दळा, अर्ध्या गोठवून. पहिल्या गटात गुणोत्तर पडलं आणि दुसऱ्यात टिकलं, तर ग्राइंडर दोषी.

समस्थानिक-चिन्हित कॅप्टान-डी६ किंवा फोल्पेट-डी४ मिळत असेल तर अर्क काढण्याआधी घाला. घातल्यानंतरची सगळी गळती ते सावरून घेतं. पण तेही दळल्यानंतरच पडतं, म्हणून या शेवटच्या दरीवर त्याचा इलाज नाही. आणि ट्रायफेनिल फॉस्फेटला अंतर्गत मानक (तुलनेसाठी सगळ्या नळ्यांत सारखा घातलेला पदार्थ) धरून कॅप्टान सुधारेल अशी आशा करू नका. ते कशानेच बिघडत नाही, म्हणून त्याला कॅप्टानचं दुःख कळत नाही.

कशाला ‘ठीक’ म्हणायचं? युरोपीय ‘सांते’ मार्गदर्शिकेनुसार वैधतेत सरासरी रिकव्हरी ७० ते १२० टक्के, पुनरावृत्तीचं सापेक्ष विचलन २० टक्क्यांच्या आत. रोजच्या एकेका स्पाइकला ६० ते १४० चालतं. ओळख पटवायला धारणकाळ ०.१ मिनिटाच्या आत आणि आयन गुणोत्तर ३० टक्क्यांच्या आत. ६० ते १४० ही सूट फार मोठी आहे, आणि आमचे ८८ व १२५ दोन्ही तिच्यात आरामात बसत होते. म्हणून आता आम्ही कॅप्टानच्या नियंत्रण-तक्त्यावर टीएचपीआयचीही रेघ काढतो. कॅप्टान खाली आणि टीएचपीआय वर गेलं की कारण लगेच समजतं. दोन्ही खाली गेले तर ते विघटन नव्हे, पिपेट किंवा अर्काची चूक.

थॅलिमाइडबद्दल एक इशारा. फोल्पेट अजिबात नाही आणि जीसीवर नुसतं थॅलिमाइड दिसतंय, तर घाईने फोल्पेटचा अहवाल देऊ नका. थॅलिक ॲनहायड्राइड आणि अमोनिया किंवा अमाइन यांची तापलेल्या इनलेटमध्ये गाठ पडली तरी थॅलिमाइड बनतं. अभिकर्मकांचा ब्लँक चालवा, मग एलसीवर खात्री करा.

आणि याच अर्कात मॅन्कोझेब का सापडत नाही असं विचारणारे नेहमी भेटतात. सापडणार नाही. डायथायोकार्बामेट ॲसिटोनायट्राइलमध्ये उतरतच नाहीत. त्यांना स्टॅनस क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लात बंद बाटलीत ८० अंशांना तापवून कार्बन डायसल्फाइडच्या रूपात मोजतात, आयन ७६ आणि ७८. तिथली नेहमीची डोकेदुखी म्हणजे ब्लँकमध्येच कार्बन डायसल्फाइड दिसणं. रबरी हातमोजे आधी काढा, रबरात हीच रसायनं असतात. नायट्राइलच्या मोज्यांचीही एकदा परीक्षा घ्या. पपई असेल तर तिच्या स्वतःच्या गंधकयुक्त संयुगांमुळेही आकडा फुगतो, मोजे काढूनसुद्धा.

आमच्या ट्रेवर आता कॅप्टानच्या व्हायलवर तारखेसोबत आम्ल घातल्याची वेळही लिहिलेली असते. शुक्रवारी संध्याकाळी भरलेला क्रम मध्येच अडकला, तर सोमवारी तो ‘पुढे चालू’ होत नाही. अर्क उरला असेल तर नवी व्हायल, नवं कॅलिब्रेशन. उरला नसेल तर भुकटी फ्रीझरमध्ये आहे, पुन्हा १० ग्रॅम घ्यायचे.